बी ब्लॉकमध्ये कोणी पडत नाही

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

ही वही १९९९ सालची आहे. माझे यजमान राघोत्तम जॉर्ज टाउनमध्ये, बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते. दर जानेवारीत व्यापारी त्यांना डायऱ्या देत. ते त्या लिहीत नसत आणि टाकूनही देत नसत. ते गेले आणि अकरा कोऱ्या डायऱ्या मागे राहिल्या. यातले वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. खोडण्याची सवय या वयात चांगलीच.

लिहायला घेतलं कारण आज आमच्या वेलचेरीच्या सोसायटीत संशोधन आलं. विषय: म्हातारी माणसं का पडतात. संशोधन श्रीरंजनी नावाचं आहे, वय अठ्ठावीस, फिजिओथेरपी शिकलेलं, आता पीएचडी करतंय. घरचे तंजावरचे मराठी, त्यामुळे आजीकडून मिळालेलं थोडं मराठी बोलतं. खाली हॉलमध्ये आम्हा तीस जणांना बसवून तिने विचारलं, "मामी, मामा, गेल्या एक वर्षात कोण कोण पडलं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तळमजल्यावरची सरोजा हातातली काठी साडीच्या घोळात लपवत होती. तिसऱ्या मजल्यावरची रत्नप्रभा छताचा पंखा न्याहाळत होती. माझ्या डाव्या मनगटात तर स्टीलची पट्टी आहे. हात वर केला असता तर तीही वर झाली असती.

मग मागून आवाज आला, "मी. मार्च महिना. बसच्या पायरीवरून. उजवा गुडघा."

ही माझी थोरली नणंद, कनका अक्का. चौऱ्याहत्तर वर्षांची, लग्न केलं नाही, जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. राहते समोरच्या ए ब्लॉकमध्ये, माझ्याच मजल्यावर, म्हणजे दार उघडलं की तीच दिसते. राघोत्तम म्हणायचे, अक्काला खोटं बोलता येत नाही. तिच्यासमोर इतरांनाही बोलता येत नाही, हे खरं दुखणं.

मी का बोलले नाही ते इथे लिहायला हरकत नाही. गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये पडले, तेव्हा सिद्धार्थ बंगळूरहून आला, माझं प्लास्टर होईपर्यंत राहिला आणि परत गेल्यावर त्याने निरोप पाठवला: "आई, पुन्हा पडलीस तर एकटी राहायचं नाही. बस." सोबत कोइंबतूरच्या एका वृद्धनिवासाचे फोटो. तिथे बाथरूममध्ये तीन तीन दांडे आहेत, संध्याकाळी भजन आहे आणि सगळे म्हातारे फोटोत एकाच दिशेला बघून हसतायत. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. तो त्याला सही समजतो.

२२ सप्टेंबर, रविवार

चिठ्ठ्या टाकल्या. ए ब्लॉकला व्यायामाचा वर्ग मिळाला, आठवड्यातून तीनदा. बी ब्लॉकला पत्रक मिळालं.

"मामी, तुमी कंट्रोल ग्रूप," श्रीरंजनी मला म्हणाली. "तुमाला एक्सरसाइज नको. फक्त हा कागद."

म्हणजे त्यांना व्यायाम आणि आम्हाला वाचन. शेवटी कोण कमी पडलं ते बघायचं. पत्रकात लिहिलंय: पायपुसणी काढून टाका. पुरेसा उजेड ठेवा. घाई करू नका. अडुसष्टाव्या वर्षी मला घाई कशाची आहे असं या लोकांना वाटतं?

शिवाय प्रत्येकीला एक कॅलेंडर. रोज रात्री जेवणानंतर चौकोनात लिहायचं, पडले की नाही पडले. पडलं तर शेजारी कसं ते. चार महिन्यांनी प्रत्येकीचा अहवाल घरच्या माणसाला पाठवणार. प्रगतिपुस्तकच! फॉर्मवर घरच्या माणसाचं नाव विचारलं होतं. मी सिद्धार्थचं लिहिलं. अक्कानेही त्याचंच लिहिलं. तिला दुसरं आहे कोण?

माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, म्हणून बी ब्लॉकची कॅलेंडरं गोळा करण्याचं काम मला दिलंय. सिस्टर फिलोमिनाने पट्टीने बोटं फोडून घडवलेलं अक्षर अखेर विज्ञानाच्या कामी आलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

दीपावलीचा फराळ संपवायला आणि ऑक्टोबरची कॅलेंडरं भरायला बी ब्लॉकच्या अकरा जणी माझ्याकडे जमल्या. रोज भरायचं होतं ते एकीनेही भरलं नव्हतं. मी कॉफी केली, एकच पेन फिरवलं आणि वीस मिनिटांत अकरा बायकांचा एक महिना पार पडला. नाही, नाही, नाही, नाही. शेवटी शेवटी सरोजाने वेळ वाचावा म्हणून फक्त आडवी रेघ ओढली.

वस्तुस्थिती अशी: सरोजा १९ तारखेला गच्चीवर कपडे काढताना पडली. रत्नप्रभा २७ला मुरुक्कूचा, म्हणजे इथल्या चकलीचा, साचा काढायला स्टुलावर चढली आणि साच्यासकट खाली आली.

"लिहू का तुझं?" मी विचारलं.

"वेड लागलंय का तुला? मुलगी टोरंटोत बसून हॉलमधला कॅमेरा बघते. मी स्वयंपाकघरात पडले म्हणून वाचले. हे कळलं तर तिथेही कॅमेरा लावेल. मग मी शिऱ्यात साखर किती घालते तेही तिला दिसेल."

सगळ्या हसल्या. मीही. अकरा जणी, अकरा पोरं, परदेशात किंवा बंगळूरला, आणि प्रत्येकाचा काहीतरी असाच निरोप.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळची कॉफी अक्काकडे. काल काय काय झालं ते मी रंगवून सांगितलं. रत्नप्रभाच्या डोक्यावर साचा कसा होता ते करूनही दाखवलं. अक्का हसली नाही.

"आणि लिहिलेंत काय?"

"नाही पडले."

"कोणती तारीख म्हणालीस?"

"सत्तावीस. तुला तारखेचं काय?"

"सहज पुसलें." आणि पेला घेऊन आत गेली.

अक्काचं मराठी तिचे पणजोबा तंजावरात बोलत असतील तसंच आहे, मधे मधे तमिळ पेरलेलं. लग्न होऊन आले तेव्हा नागपूरची मी तिच्या बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसायची. ती माझ्या मराठीला "रेडिओ" म्हणायची. अजून म्हणते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अक्का आज वर्ग संपवून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "उभी रहा. ओट्याला धर. एक पाय उचल."

"अक्का, मी कंट्रोल आहे. मला मनाई आहे."

"तुज कंट्रोल असता तर हात मोडला असता का? उचल."

उचलला. सहा सेकंद. अक्काने स्वतः उचलला तो खाली ठेवीना; त्याच पायावर उभी राहून माझ्या टोपलीतल्या शेंगा निवडायला लागली. मग जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायला लावलं. मला एकदम आमचा नागपूरचा लांब व्हरांडा आठवला. सिस्टर फिलोमिना डोक्यावर जाड शब्दकोश ठेवून चालायला लावायची, "लाइक लेडीज, गर्ल्स," आणि माझी मैत्रीण ग्लोरिया मुद्दाम पाडायची. मी कधीच पाडला नाही. त्या व्हरांड्यात आत्ता ऊन कुठपर्यंत आलं असेल, कोण जाणे.

आता रोज यायचं म्हणते. छत्तीस वर्षं शाळा गाजवली, आता हुकूम सोडायला कोणी उरलं नाही, म्हणून मी सापडले.

१ डिसेंबर, रविवार

दोन दिवस पाऊस. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, लिफ्ट बंद. आमच्याकडे दोघी जिन्यात घसरल्या, दोघी ३० तारखेलाच, एक सकाळी एक दुपारी. आज कॅलेंडरं भरली. नाही, नाही, नाही. श्रीरंजनी पँट दुमडून पाण्यातून चालत आली, कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले आणि म्हणाली, "मामी, बी ब्लॉक सूपर. एक पण फॉल नाही!" मला थोडं कसंतरी झालं. शाळेत ख्रिश्चन मुलींचा मला हेवा वाटायचा. त्या शनिवारी जाऊन पाप सांगून मोकळ्या व्हायच्या, रविवारी नवं सुरू. आम्हा हिंदू मुलींना साठवून ठेवावं लागायचं.

अक्काला दोघींचं सांगितलं. तिने जिन्याची कितवी पायरी तेही विचारलं. म्हातारपणी माणूस चौकशा फार करायला लागतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

मी पडले.

नीट लिहिते. मार्गळीचा महिना, म्हणजे धनुर्मास, दारोदारी पिठाचं कोलम. रत्नप्रभाच्या दारात टिपक्यांचं, वेटोळ्यांचं, एका रेघेत न तुटता फिरणारं. मला ते चाळीस वर्षांत जमलं नाही; मी आपली नागपूरची रांगोळी काढते, आणि येणारे जाणारे "छान, वेगळंच आहे" म्हणतात, म्हणजे काय ते मला कळतं. आज पहाटे मात्र पंधरा टिपक्यांचं वेटोळं जमलं. पूर्ण! तुटलं नाही कुठे. वाकून काढताना पडले नाही, उठताना पडले नाही. उठले आणि सगळं एका नजरेत दिसावं म्हणून दोन पावलं मागे सरले. मागे पाण्याची बादली होती.

कंबरेवर बसले. काही मोडलं नाही, निळं झालंय. कोणी पाहिलं नाही. समोरचा ए ब्लॉकचा व्हरांडा मी बसल्या बसल्या आधी तपासला. अक्काच्या दारात तिचा टॉवेल वाळत होता, बाकी कोणी नाही. मग बादली उचलली, पाणी पुसलं आणि आत आले. कोलमवर माझ्या पायाचा एक पंजा उमटलाय. देवीचं पाऊल आहे असं सांगीन.

अक्कालाही सांगणार नाही. तिला सांगितलं की ते खरं होतं.

२८ डिसेंबर, शनिवार

चार दिवस झाले, अक्का रोज पहाटे साडेपाचला हजर. माझं कोलम सुधारायला म्हणे. स्वतःच्या दारात अकरा वर्षं प्लास्टिकचं चिकटवलेलं कोलम आहे आणि ही मला शिकवणार! येते, बादली उचलून आत ठेवते, दारात खुर्ची मांडून बसते आणि मी उठायला लागले की चुका दाखवायच्या निमित्ताने उभी राहते. "तो टिपका वाकडा." टिपका सरळ असतो. सकाळची एवढी एक शांत वेळ होती माझी.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

जानेवारीची कॅलेंडरं दिली. पोंगलच्या गडबडीत सरोजा पुन्हा एकदा, आणि आणखी दोघी. नेहमीप्रमाणे कॉफी, नेहमीप्रमाणे नाही, नाही, नाही. ही सगळी नावं अक्काला सांगून झाली. मी काय चहाडखोर आहे का? पण सकाळच्या कॉफीबरोबर काहीतरी लागतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

श्रीरंजनी आली, चेहरा उतरलेला. पाणी दिलं तर पेला हातातच धरून बसली.

"मामी, ए ब्लॉक वर्ग बंद होणार. माझी कमिटी म्हणते, एक्सरसाइज करणारे जास्त पडतात. कागदावाले पडतच नाहीत. आता मी काय प्रूव्ह केलं? कागद दिला की म्हातारी पडत नाही?"

"ए ब्लॉकमध्ये एवढं कोण पडलं?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "कॉन्फिडेन्शियल. पण मामी... कनका मामी. एकट्या नऊ वेळा."

मी हसलेच. अक्का? परवा त्याच बाईने एका पायावर उभं राहून माझ्या अर्धा किलो शेंगा निवडल्या!

संध्याकाळी सिद्धार्थचा फोन. दोन्ही अहवाल त्याला मिळाले होते. माझा कोरा. "आई, तुझं मस्त चाललंय. पण आत्याचं काय हे? नऊ वेळा? तू रोज समोर असतेस, तुला कळलं नाही?"

"मला कोणी सांगेल तेव्हा कळेल ना."

"मी पुढच्या रविवारी येतोय. कोइंबतूरला बोललोय, एक खोली आहे. आत्याला नेऊ."

मी फोन ठेवला आणि मला अक्काचा इतका राग आला. गेले चार महिने मी तिला बी ब्लॉकच्या प्रत्येक पडण्याची गोष्ट सांगते, आणि ही स्वतः नऊ वेळा पडून गप्प! खोटं बोलता येत नाही म्हणे. न बोलता येतं ते?

९ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. अक्का दारातल्या प्लास्टिकच्या कोलमवर फडकं फिरवत होती.

"नऊ वेळा पडलीस?"

"लिहिलें आहे ना?"

"मला का नाही सांगितलं?"

"तूं मज तुझें सगळें सांगतेस का?"

मी म्हटलं, "सिद्धार्थ तुला कोइंबतूरला न्यायला येतोय."

फडकं थांबलं. एवढंच. मग म्हणाली, "सिद्धू? मजसाठी? बंगळूरहून?" आणि थोड्या वेळाने, "सरि. बरें, मग कपाट आवरतें."

बाहेर काढलेल्या वस्तूंत राघोत्तमांचा मुंजीतला फोटो होता, तो मला देऊन टाकला. इतकी वर्षं मागत होते, दिला नव्हता. मी तो पदराखाली घेऊन घरी आले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता कळलं. अक्षर वेडंवाकडं येतंय, सिस्टर फिलोमिना नावं ठेवेल.

अक्काच्या कॅलेंडरांवर घरच्यांची सही हवी, म्हणून श्रीरंजनी पाकीट माझ्याकडे ठेवून गेली होती. सिद्धार्थला द्यायचं होतं. मी उघडलं. उघडायचं नसतं, ठाऊक आहे.

फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत अक्षर. "१९ ऑक्टोबर. पडले. गच्चीवर कपडे काढताना." म्हटलं, योगायोग, सरोजाही त्याच दिवशी. "२७ ऑक्टोबर. पडले. मुरुक्कूचा साचा काढताना, स्टुलावरून." अक्काने जन्मात मुरुक्कू केलेला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते. "३० नोव्हेंबर. पडले. जिना, दुसऱ्या मजल्याची चौथी पायरी." त्याच तारखेला पुन्हा एकदा, दुपारी.

आणि मग: "२४ डिसेंबर. पडले. कोलम बघायला मागे सरताना. पाण्याची बादली."

मी ते तीनदा वाचलं. मग दार उघडून समोर बघितलं. टॉवेल वाळत होता. त्या टॉवेलमागे माणूस मावतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

तशीच गेले. अक्का पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"हे काय केलंस?"

"काय?"

"आमची पडणी तुझ्या नावावर!"

अक्काने पातेलं खाली ठेवलं. "वर्गांत मुलगी गैरहजर असतां हजर मांडली तर पटाचा मेळ बसतो का? पडणें झालें तर कुठे तरी लिहायला पाहिजे. तुमच्या नावें लिहिलें तर तुमचीं पोरें धावत येतात. माझ्या नावें लिहिलें तर कोण येणार? म्हणून लिहिलें. सोसायटीची बेरीज तर बरोबर आली."

"अगं, बेरीज नव्हती ती! ए आणि बी वेगवेगळं मोजायचं होतं. तुझ्यामुळे वर्ग बंद पडतोय. त्या पोरीची पीएचडी बुडतेय."

"अय्यय्यो," अक्का म्हणाली आणि खुर्चीत बसली. छत्तीस वर्षं बेरजा शिकवल्या. वजाबाकी करायची आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "आतां मुकाट्याने राहा. मी सांगितलें तर तुज जावें लागेल. मी काय, इथेही एकटी, तिथेही एकटी."

मी रडले नाही. पातेली गुंडाळायला मदत केली, आणि घरी येऊन ती सगळी चुकीची गुंडाळली हे आठवून रडले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा जणींना बोलावलं. कॉफी केली नाही, त्यावरूनच त्यांना काहीतरी कळलं. सगळं सांगितलं. आपल्या पडण्याचं ओझं दुसरीने उचललंय हे ऐकून माणसाला किती लाज वाटते, याचं संशोधन कोणी करत नाही.

"म्हणजे आता आम्ही कबूल करायचं?" रत्नप्रभा म्हणाली. "मुलीला कळेल."

"मी माझं सांगणार आहे. तुमचं तुम्ही बघा."

"तुझा मुलगा बंगळूरला आहे. माझी टोरंटोला. तुला काय जातंय?"

मला काय जातंय. घर जातंय. राघोत्तमांनी भिंतीवर ज्या उंचीला खिळा मारला तो खिळा जातोय. हे तिला कसं सांगायचं? मी म्हटलं, "काही नाही जात," आणि सगळ्या उठून गेल्या.

तासाभराने सरोजा लिफ्टने वर आली. काठी आज लपवली नव्हती. कागदावर दोन तारखा लिहून आणल्या होत्या, खाली सही. संध्याकाळपर्यंत दाराखालून आणखी पाच चिठ्ठ्या आल्या. रत्नप्रभाची सगळ्यात शेवटी, घडी घालून घालून सुपारीएवढी केलेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सिद्धार्थ सकाळच्या गाडीने आला. अक्काच्या हॉलमध्ये खोकी बघून त्याला बरं वाटलं, काम अर्धं झालं होतं.

"आत्या, तिथे छान आहे. डॉक्टर चोवीस तास."

"सरि," अक्का म्हणाली.

"सिद्धू," मी म्हणाले, "आत्या पडली नाही. मी पडले. चोवीस डिसेंबर, पहाटे, दारात. ही बघ तारीख. बाकीचीही तिची नाहीत." आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या.

तो बराच वेळ वाचत राहिला. राघोत्तम चिडले की कान लाल व्हायचे, त्याचेही झाले.

"म्हणजे दोन महिने तू मला रोज फोनवर 'एकदम ठणठणीत' सांगत होतीस."

"कंबरेपासून वरचं ठणठणीतच होतं."

"आई, विनोद नको. आपलं ठरलं होतं. खोली एकच आहे, ती आता तुझी. खोकी आत्याची आहेत, तुझी बांधायला मी रजा वाढवतो."

मी मान खाली घातली. ठरलं तर होतंच. अंगठा माझाच होता.

तेवढ्यात अक्का उठली. "काय ठरलें होतें? दाखव."

"काय दाखवू?"

"लिहिलें असेल ना? फोनमध्यें."

त्याने मागे मागे जात तो निरोप काढला. अक्काने चष्मा लावला आणि शाळेत उदाहरण वाचतात तसं मोठ्याने वाचलं. "पुन्हा पडलीस तर एकटी राहायचं नाही. बस." चष्मा काढला. "ह्याच्यांत कोइंबतूर कुठे आहे?"

"आत्या, अर्थ तोच—"

"दिलेलें तेवढेंच धरायचें. एकटी राहायचें नाही. बरें. राहणार नाही. माझीं खोकी बांधून तयार आहेत. समोर न्यायचीं की कोइंबतूरला, एवढेंच तुज सांगायचें आहे."

सिद्धार्थने माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे. चाळीस वर्षं आम्ही दोघींनी मधे दोन ब्लॉक आणि एक पार्किंग ठेवून संसार केला, तो काही उगाच नाही. कोइंबतूरचे हसरे म्हातारे क्षणभर मला बरे वाटले.

"तुला चालेल?" त्याने मला विचारलं.

"कॉफी माझ्या पद्धतीने होईल," मी म्हणाले.

"बघूं," अक्का म्हणाली.

सिद्धार्थने सहा खोकी समोर नेली. सातव्या फेरीला तो पार्किंगमध्ये थांबून थोडा वेळ उगाच मोबाइल बघत उभा राहिला. डोळे पुसत होता असं वरून वाटलं, पण धूळ फार आहे तिथे.

२ मार्च, रविवार

अक्का येऊन दोन आठवडे झाले. माझ्या डब्यांना आता नावं आहेत. माझ्या रेडिओचा आवाज ठरलेला आहे. कॉफी तिच्या पद्धतीने होते.

श्रीरंजनीला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग डोकं धरून बसली. पीएचडी एक वर्ष पुढे गेली. वर्ग मात्र चालू राहिला, आणि पुढच्या खेपेला पत्रकाऐवजी बी ब्लॉकलाही व्यायाम आहे. "पण मामी, कॅलेंडर मी रोज येऊन बघणार," म्हणाली. विश्वास उडालाय पोरीचा.

पडणी ज्याची त्याला परत करायचं काम माझ्याकडे. अक्काच्या कागदावरून एकेक तारीख घेऊन मी दारोदार फिरले, सह्या घेतल्या. सरोजाची दोन, रत्नप्रभाचं एक, जिन्यातली दोन, पोंगलच्या आणखी दोघी, माझं एक. आठ झाली. एक उरतंय. "१८ जानेवारी. पडले. न्हाणीघर." बाकी सगळ्यांपुढे सगळा तपशील आहे, यापुढे काही नाही. अकराही जणींना दोनदा विचारलं. कोणीच नाही म्हणे, आणि आता खोटं बोलायचं त्यांना कारण नाही.

अक्काला विचारलं, "हे नववं कोणाचं?"

"तुझें गणित पहिल्यापासून कच्चें," ती म्हणाली आणि पलीकडे वळून बसली.

तिचे हट्टही बघण्यासारखे आहेत. पलंग बाथरूमच्या दाराला लागूनच हवा, कारण म्हणे मी घोरते. बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला, तो "तुजसाठीं"; मी धरत नाही तरी सकाळी ओला असतो. आतला दिवा रात्रभर जळतो. जिना उतरताना माझा दंड घट्ट धरते, मी पडू नये म्हणून. मला काल सांगावं लागलं, अक्का, एवढा भार टाकू नकोस, माझा तोल जातो.

मी पुन्हा तीनदा मोजली. आठच होतात. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईची एका आकड्याने चूक व्हावी! वय झालंय तिचं. मी काही बोलले नाही, तिला वाईट वाटेल.